एकशे अठरा पेशी

९ ऑक्टोबर

साईटच्या ऑफिसात कंपनीच्या जुन्या डायऱ्या धूळ खात पडल्या होत्या, त्यातली एक उचलली. साल मागचं आहे, वार जुळत नाहीत. चालतंय. नववी सोडल्यापासून सही सोडून काही लिहिलेलं नाही.

आज कामावर गेलो नाही. उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा उठलाय. शर्ट टेकला तरी आग होते. बसून करायचं काय म्हणून लिहितोय.

इथं कच्छात आम्ही पवनचक्क्या उभ्या करतो. मी क्रेनला सिग्नल देतो. क्रेन चालवतात ते लालमहंमद चाचा, आपल्याच धाराशिव जिल्ह्यातले, परांड्याचे. मी भूमचा. हजार-अकराशे किलोमीटरवर येऊन दोघं एका खोलीत राहतो. चाचांनी शर्ट वर करून बघितलं.

"नागीण हाय ही. हिला जातपात कळत न्हाय, समद्यांना डसती. घरला जा, उतरवून ये."

आईला फोन केला तर तिचं पहिलं बोलणं, "तोंड नि शेपूट मिळालं का रे?" पट्ट्याची दोन टोकं मिळाली की माणूस जातो असं आमच्याकडं म्हणतात. मी म्हणालो अजून वीतभर बाकी आहे. "मग ये लगोलग. मे महिन्यात लगीन, आणि तू असा डागाळून उभा र्‍हायलास तर मुरुमची माणसं काय म्हणतील?"

मुरुमची म्हणजे दीपमालाकडची. साखरपुडा झालाय. रोज संध्याकाळी फोन करते. आज मी उचलला नाही.

१३ ऑक्टोबर

काल गावी पोचलो. आज बिरूतात्याकडं जाऊन आलो. म्हातारा धनगर, ऐंशीच्या पुढचा. नागीण उतरवायला चार तालुक्यांतून माणसं येतात. त्यांनी गेरू उगाळला, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा मारल्या, म्हणजे पुढं सरकायची नाही. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले. मग आईला बाहेर जायला सांगितलं.

"वय काय तुझं?"

"पंचवीस."

"ही पहिलीच का?"

"दोन वर्सांमागं मांडीवर आली होती."

"तोंड उघड." जिभेवर बोट फिरवलं त्यांनी. "हे पांढरं कवापासून हाय?"

मी म्हणालो, तंबाखूनं असंल.

"तंबाखू मी सत्तर वर्सं खातोय," तात्या म्हणाले. "म्हाताऱ्याला नागीण आली तर समजतं, अंगातला जोर गेलेला असतो. जवान गड्याला दोनदा? वीस वर्सांमागं गाडीवरची तीन पोरं आली माझ्याकडं. तिघांची नागीण मी वाळवली. दोन वर्सांत तिघंबी गेली. तवापासनं तुझ्या वयाचा कुणी आला की मी रेघ मारतो नि दवाखान्यात धाडतो. जिल्ह्याला जा, रगत बघ."

"आईला काय सांगू?"

"ती उतरली म्हणून सांग. माझ्याकडनं काय कळायचं न्हाय."

१५ ऑक्टोबर

धाराशिवला गेलो. रक्त दिलं. एकच रक्त तीन वेगवेगळ्या पट्ट्यांवर तपासतात. तिन्हीवर आलं. एचआयव्ही.

उझमा मॅडम म्हणून आहेत समजावून सांगायला. त्यांनी विचारलं, कसं झालं असेल, काही अंदाज? मी म्हणालो, जत्रेत हातावर गोंदून घेतलं होतं. त्यांनी मान हलवली आणि लिहिलं काहीच नाही.

येताना एसटीत शेजारच्या माणसानं शेंगा दिल्या. मी घेतल्या नाहीत. मग त्याला काय वाटलं असंल म्हणून परत मागून घेतल्या.

१८ ऑक्टोबर

आज दुसरा रिपोर्ट आला. ११८.

मॅडमनी माझ्यासमोर कागदावर गोल काढले. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी लई जातीच्या. काही जंतू गिळतात. काही जंतूला चिकटणारे प्रतिपिंड बनवतात. काही आपल्याच बिघडलेल्या पेशी मारून टाकतात. आणि एक जात अशी की स्वतः कुणाला मारत नाही. गिळणारी पेशी जंतूचा तुकडा आणून हिला दाखवते, ही ओळखते आणि बाकीच्यांना निरोप सोडते. मदतनीस पेशी म्हणतात. रिपोर्टवर तिला सीडी-फोर लिहिलंय.

"मारत नाही तर मग ती गेली म्हणून काय बिघडलं?" मी विचारलं.

"तुम्ही काय काम करता?"

मी सांगितलं. सहाशे टनाची क्रेन, वर बसलेले चाचा, त्यांना ब्लेड कुठं बसतंय ते दिसत नाही. मी खालून वॉकीवर बोलतो तसा ते दांडा हलवतात.

"तुम्ही स्वतः किती वजन उचलता?"

"काहीच नाही."

"मग उद्या तुम्हाला काढलं तर?"

तेव्हा डोक्यात शिरलं. क्रेन असते, डिझेल असतं, चाचा असतात, आणि सगळं उभं.

मॅडम म्हणाल्या, हा विषाणू नेमका त्याच पेशीत घुसतो. तिच्याच आत स्वतःच्या नकला काढतो आणि तिला संपवतो. धडधाकट माणसात रक्ताच्या एका बारीक ठिपक्यात या पेशी पाचशेच्या वर असतात. माझ्यात एकशे अठरा. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या त्यांचा विषाणू माझ्या नसेत झोपून होता. त्याच्यावर नजर ठेवायला माणूस उरला नाही, तो उठला. ती नागीण.

रोज एक गोळी, जन्मभर. वेळ ठरवा म्हणाल्या. मी सकाळचे आठ सांगितले. वर दुसरी एक गोळी, पेशी वाढेपर्यंत बाकीच्या रोगांनी गाठू नये म्हणून.

मग मी लग्नाचं विचारलं. मला वाटलं होतं नाही म्हणतील.

"करता येतं. गोळी नीट घेतली आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला की तुमच्यापासून बायकोला होत नाही. मुलंही चांगली होतात. पण लग्नाआधी तिला सांगायचं. ते टाळता येणार नाही."

"पाचशे झाल्यावर सांगितलं तर?"

"पाचशे झाले तरी गोळी सुटत नाही, कुलदीप. आणि सांगणंही."

मी हो म्हणालो. पण पाचशे झाल्यावर सांगायला उरतंय काय, हे मला समजलं नाही. लग्न ११ मेला आहे. सात महिने हातात आहेत.

२९ ऑक्टोबर

परत साईटवर. दिवाळी तोंडावर असताना निघालो म्हणून आई बोलत नव्हती. शेवटी तेरखेड्याच्या फटाक्यांचा डबा पिशवीत घातला. तो रेल्वेत नेऊ देत नाहीत, स्टँडवर एका पोराला दिला.

इथल्या तालुक्याच्या सेंटरला मॅडमनी चिठ्ठी दिलीय, दर महिन्याला गोळ्या मिळतील. चाचांना सांगितलं पित्ताची गोळी आहे.

"रोज पित्त? काय खातोस तरी काय तू, माझ्याच हातचं खातोस की," चाचा म्हणाले.

६ नोव्हेंबर

गोंदणाचं खोटं लिहिलं होतं. डायरीला खोटं बोलून काय करू? एकोणिसाव्या वर्षी ट्रकवर क्लीनर होतो. हायवेच्या कडेला बायांकडं जायचो. एकदोनदा नाही, लई वेळा. ट्रक सोडला, हॉटेल केलं, बोअरच्या गाडीवर राहिलो, मग क्रेन. एका जागी सहा महिने काढले की मला पाय खाजवतात. हे अंगात कुठल्या गावात शिरलं तेसुद्धा सांगता यायचं नाही.

दीपमालाचा फोन. तिच्या मामाच्या कापडाच्या दुकानात ती हिशेबाला बसते. मला विचारलं, शालूचा रंग कुठला घेऊ? मी म्हणालो तुला आवडंल तो. "तुमचं काय तरी असू द्या की त्यात," म्हणाली. मी हिरवा म्हणालो.

२३ नोव्हेंबर

एक विचार आलाय. मी सिग्नल शिकलो तेव्हा पहिले चार महिने महारुद्र, इथला जुना सिग्नलवाला, माझ्यामागं उभा असायचा. मी चुकायच्या आधीच तो वॉकी हिसकून बोलायचा. चार महिन्यांत मला काडीचं आलं नाही. तो सुट्टीवर गेला आणि आठ दिवसांत मी शिकलो.

गोळी रोज उभी राहिली तर पेशी कधी शिकायच्या? एक दिवस आड घेऊन बघतो. त्यांना जरा काम करू दे. तसंही गोळी घेतली की डोकं जड राहतं.

१८ डिसेंबर

दिवसाआड चाललंय. कामावर बरं वाटतंय, म्हणजे तसं वाटून घेतोय. खोकला लागलाय. इथं थंडी आणि धूळ लई.

९ जानेवारी

आज जे झालं ते लिहायला हात चालत नाही.

तिसरं ब्लेड चढवत होतो. वारा बेताचा होता. मला सकाळपासून ताप होता, सांगितलं नाही. ब्लेड वर गेल्यावर चाचांना काही दिसत नाही, त्यामुळं मी वॉकीवर सारखं बोलत राहायचं असतं. वर, वर, वर. आवाज तुटला की चाचा हात काढतात. गप म्हणजे थांब, असा नियम.

मी बोलत होतो. मग मी खाली बसलेलो होतो. मधलं आठवत नाही. चाचांनी क्रेन जागेवर थांबवली, पण तेवढ्यात वाऱ्यानं ब्लेड फिरलं आणि खाली त्याचा दोर धरलेली दोन पोरं फरफटत गेली. खरचटलं, बाकी काही नाही. ब्लेड वाचलं.

चाचा केबिनमधून उतरून आले. शिडीवरून उतरताना मी त्यांना इतकं भराभर कधी बघितलं नव्हतं. कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "पित्त व्हय रे?"

खोलीवर आल्यावर मी सगळं सांगितलं. मला वाटलं अंथरूण उचलतील. त्यांनी चहा टाकला. माझाच कप मला दिला, त्यांचा त्यांनी घेतला. चहा संपवून बोलले.

"त्या पोरीला ठावं हाय?"

"पाचशे झालं की सांगणार हाय."

"माझ्या खाली तू ताप घेऊन उभा र्‍हायलास. मी आंधळ्यासारखं उचलत होतो, तुझ्या भरवशावर. तू गप झालास म्हणून मी थांबलो. माझा नियम हाय. त्या पोरीचा नियम काय रे? तू गप र्‍हायलास की ती काय समजणार? समदं बराबर चाललंय असंच समजणार की."

मी काही बोललो नाही.

"आता हितंबी गप," चाचा म्हणाले आणि कप विसळायला उठले.

१९ जानेवारी

उझमा मॅडमना फोन केला. दिवसाआडचं सांगितलं, महारुद्रची गोष्टही सांगितली. त्या ओरडतील वाटलं. उलट म्हणाल्या, "इतका विचार करून चुकलेला पेशंट मी पहिल्यांदा बघतेय."

मग समजावलं. गोळी पेशींचं काम करत नाही. ती त्यांच्यामागं महारुद्रसारखी उभीच नाही. ती विषाणूला आत नकला काढू देत नाही, एवढंच. पेशींना सिग्नल येतोच, त्यांना फक्त जिवंत राहायचंय. एक दिवस गोळी चुकवली की पेशी शिकत नाहीत, विषाणू शिकतो. गोळीलाच चुकवायला शिकतो.

इथं छातीचा फोटो काढला, बेडका दिला. टीबी नाही निघाला. साधा न्यूमोनिया म्हणाले, पाच दिवस भरती केलं. चाचा डबा घेऊन यायचे. साहेबानं मला सिग्नलवरून काढून स्टोअरला बसवलं. नटबोल्ट मोजतो. काम हलकं आहे आणि दिवस सरत नाही.

१४ फेब्रुवारी

रोज आठ वाजता. एकही चुकली नाही.

दीपमालाचा फोन. पत्रिका छापायला दिल्या. "तुमचा आवाज बारीक झालाय," म्हणाली. मी म्हणालो धूळ. गप राहणं बोलूनही करता येतं, हे मला माहीत नव्हतं.

१२ एप्रिल

धाराशिव. सहा महिन्यांचा रिपोर्ट. मी आकडा बघायच्या आधी डोळे मिटले होते. २६४.

मॅडम खूश. दुपटीपेक्षा जास्त, मधे गोंधळ करूनही. विषाणू मोजायचं रक्तही दिलं होतं, त्यात तो सापडला नाही.

"मग गेला?"

"दडून बसलाय. गोळी थांबली की परत येईल."

पाचशे कधी होतील विचारलं. दोन वर्षं लागतील, चार लागतील, काहींचे होतच नाहीत म्हणाल्या. लग्नाला एकोणतीस दिवस राहिलेत. बाहेर बाकावर बसलो. मी सहा महिने आकड्याची वाट बघत होतो असं नाही. सांगायला लागू नये याची वाट बघत होतो.

१४ एप्रिल

मुरुम. दीपमालाचा मामा दुपारी जेवायला जातो ती वेळ साधून दुकानात गेलो. ती मला बघून हसली आणि मग माझं तोंड बघून थांबली.

मी उभ्याउभ्या सांगायला लागलो. निम्मं सांगितलं आणि एक बाई आत आली, ब्लाऊजचं अस्तर पाहिजे म्हणून. दीपमालानं सात रंग काढले. बाईला एकही जुळेना. "हा डाळिंबी न्हाय ग बाई, हा जांभळाच हाय." "मावशी, उन्हात न्या, डाळिंबी दिसंल." बाई उन्हात गेली, परत आली, डाळिंबीच घेऊन गेली. एवढा वेळ मी कापडाच्या ठाणाला धरून उभा.

"पुढं?" दीपमाला म्हणाली.

राहिलेलं सांगितलं. ट्रकचंही. ती ठाणं परत गुंडाळत होती, एकेक, घडी न चुकवता.

"तुमच्या आईंना माहीत हाय?"

"न्हाय."

"कवापासून माहीत हाय तुम्हाला?"

"ऑक्टोबरपासून."

तिनं सातवं ठाण फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "त्या मॅडमचा पत्ता द्या. मला माझं विचारायचंय."

१७ एप्रिल

ती एकटी धाराशिवला आली होती, एसटीनं. मी बाहेर बाकावर. मॅडमनी मला आत येऊ दिलं नाही, तीच म्हणाली म्हणे, त्यांना नको. पाऊण तास बसली आत. हातात वही होती, प्रश्न लिहून आणले होते.

बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"मॅडमनी गोल काढून दाखवले. मला समजलं. गोळी घेत र्‍हायलात तर मला काय व्हत न्हाय, लेकरालाबी व्हत न्हाय. त्याची मला भीती न्हाय."

मला वाटलं जमलं. खरंच तसं वाटलं.

"सहा महिनं रोज बोललो आपण," ती म्हणाली. "मी रंग विचारला शालूचा. तुम्ही हिरवा म्हणालात."

"दीपमाला..."

"दुखण्यासाठी न्हाय म्हणत न्हाय मी. दुखणं कुणालाबी येतं. पण उद्या काय झालं नि तुम्ही परत गप बसलात, तर मला कळायचं कसं? रोज तुमच्या तोंडाकडं बघत बसू का मी?"

मी आता खरं बोललोय, असं म्हणालो.

"व्हय. ते चांगलं केलं." उठली. "कुणाला काय सांगायची न्हाय मी. माझंच मन न्हाय म्हणून सांगते घरी. तुमचं नाव येणार न्हाय."

तिची गाडी चार वाजताची होती. मी सोडायला येतो म्हणालो. नको म्हणाली.

१९ एप्रिल

मुरुमहून निरोप आला. पोरगी नको म्हणतीय, कारण सांगत नाही, बापानं मारलं तरी सांगत नाही.

आईनं फोन मागून घेतला आणि दीपमालाला तोंडाला येईल ते बोलली. वाटलेल्या पत्रिका, ठरलेला मांडव. "कुणाचा नाद हाय ग तुला? आधी सांगायला काय झालं व्हतं?" ती पलीकडून काहीच बोलली नसावी, कारण आई मधे एकदाही थांबली नाही.

मी ओट्यावर होतो. सगळं ऐकू येत होतं. मला हलकं वाटलं. मी हे लिहितोय कारण तसं वाटलं. सुटलो असं वाटलं.

२१ एप्रिल

दोन दिवस झाले, गल्लीतल्या बायका जमून बोलून जातात. आज दुपारी एकजण म्हणाली, मुरुमच्या त्या पोरीचं काहीतरी असणारच, दुकानात बसते म्हणे दिवसभर. आई म्हणाली, "वाचला माझा पोरगा. देवानं डोळं उघडलं."

बायका गेल्यावर आई तांदूळ निवडत बसली. मी समोर बसलो. म्हणालो, "आई, तिचं काय न्हाय. माझं हाय."

सांगितलं. नीट सांगता आलं नाही. पेशी, सिग्नल, काहीच आठवलं नाही. रोगाचं नाव सांगितलं आणि ट्रकचं सांगितलं. दीपमालाला ऑक्टोबरपासून फसवत होतो ते सांगितलं. तिनं मार खाल्ला आणि माझं नाव घेतलं नाही, तेही.

आईचा हात सुपात तसाच राहिला. रडली नाही. मला मारलंही नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग विचारलं, "मरतोस का तू?"

"न्हाय. गोळी खाल्ली तर न्हाय."

"खातोस?"

"खातो."

ती उठली. पदरानं तोंड पुसलं, पाणी प्याली आणि फळीवरचा फोन काढून माझ्या हातात दिला. तिला नंबर लावता येत नाही.

"लाव मुरुमला. बापाला न्हाय, तिला लाव."

मी लावला. वाजायला लागल्यावर तिनं हातातून घेतला.

"दीपमाला? मी कुलदीपची आई बोलतीय. ठेवू नको बाई, ऐक. परवा तुला मी जे जे बोलले ना, त्यातलं एक बी खरं न्हाय. उद्या मी सोता येते मुरुमला, तुझ्या बापाच्या म्होरं बसून सांगते, आमच्या पोरात खोट हाय म्हणून. तुला कुणी हात लावायचा न्हाय."

पलीकडून काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आई व्हय, व्हय म्हणत होती. मग ती फोन कानाला लावून नुसतीच उभी राहिली, आणि पलीकडूनही कुणी ठेवला नाही.

सकाळची सहाची गाडी आहे. आईनं लुगडं काढून ठेवलंय. मी येऊ का विचारलं.

"तू न्हाय तर कोण?" म्हणाली. "बोलायचं तुलाच हाय. मी नुसती शेजारी बसणार."